बसून सोडवलेलं गणित

ती. अण्णा,
नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे?

माझ्या हाताची थरथर वाढलेली नाही, काळजी नको. सोमवारी मात्र फळ्यावर गणित सोडवताना खडू तीनदा निसटला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एक विद्यार्थिनी आपला टॅबलेट घेऊन आली. (गोळी नव्हे अण्णा, लिहायची पाटी!)

"बाई, बसून लिहा. पडद्यावर मोठं दिसेल."

कुणी हसलं नाही हो. दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांनी मलाही एक दिला. राजीनाम्याचा विचार तूर्त सोडलाय. आईला यातलं सांगू नका.

काल तीच मुलगी म्हणाली, "बाई, आता तुम्ही आमच्याकडे बघून शिकवता."

खरंच की! वीस वर्षं मी वर्गाकडे पाठ करून शिकवलं. आता कुणाचं कुठं अडलंय, ते चेहऱ्यावरच दिसतं.

तुमची,
बाळी