निव्वळ तांत्रिक हरकत

१० एप्रिल १९६३, बुधवार. जेवणानंतर.

महाड-पोलादपूरच्या समस्त बापांनो! पोरं आपली, वाढवली आपण. पण त्यांना कुठे आणि किती उंच न्यायचं हे मात्र तिकडे बंगलोरला कोणीतरी ठरवतं. आपल्याला विचारतो कोण?

(रोजनिशीला श्रोते नसतात हे ठाऊक आहे. पण एकदा सुरुवात झाली की मला थांबवत नाही.)

कारण असं. हरी रजेवर आलाय. हवाई दलात नव्या विमानांची परीक्षा घेणारा वैमानिक. मला अभिमान आहे. आज जेवताना म्हणाला, परत गेल्यावर नवं काम. नव्या लढाऊ विमानाचं नाक वर, आणखी वर धरत जायचं, पंखांवरची हवा सुटेपर्यंत. मग विमान हाताला ऐकतं की नाही ते बघायचं. पापड तिरपा धरून दाखवलं. "एवढ्यावर हवा धरते, बाबा. एवढ्यावर सोडते."

"आणि नाही ऐकलं तर?" त्याच्या आईने, विनोदिनीने विचारलं.

"मग भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. आमच्यातला सहदेव नाही का मागे हवाई छत्रीनं उतरला. पायच मोडला फक्त."

"पापड खाली ठेव. आमटी निवतेय," म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. बायका हळव्या असतात.

मी शांत होतो. माझी हरकत निव्वळ तांत्रिक आहे. जे विमान सरळ छान उडतं ते वाकडं धरायचंच कशाला?

संकल्प: हरीला या कामापासून परावृत्त करणे. अवघड नाही. कोर्टात भल्याभल्या न्यायाधीशांची मतं फिरवली आहेत.

११ एप्रिल.

बोललो नाही. घसा बसला होता. बसलेल्या घशाने महत्त्वाचं बोलू नये. वाचनालयातून विमानविद्येवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. प्रस्तावना उत्तम समजली. पुढे गणित आहे. त्याची गरज नाही.

१२ एप्रिल. दुपारी.

माझा पक्षकार कोंडाजी पोलादपूरहून आला. मला वाटलं बांधाच्या दाव्याचं काही असेल.

"भाऊसाहेब, थंडीत तुमी बाजारात भाषान केलंत, घरटी एक पोर देशाला द्या. तवापास्नं आमचा महिपती भरतीचंच बोलतोय. एकुलता हाय. तुमीच सांगा त्याला, नको जाव म्हणून."

मी इतिहासातले दाखले देऊन त्याला निरुत्तर केलं. चपला घालताना म्हणाला, "तुमचा हरी तर इमानात असतो. झोप लागते का वो तुमाला?"

गाढ लागते. (काल जागा होतो तो उकाड्याने.)

कोंडाजीची गोष्ट वेगळी. त्याची हरकत भावनिक आहे.

१३ एप्रिल.

प्रयोग! कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन विमान बनवलं. जे छोट्या विमानावर कळतं त्यासाठी हरी कशाला हवा, हा मुद्दा. त्याला घेऊन घरामागच्या टेकाडावर गेलो आणि विमान सोडलं. नाक वर गेलं, वरच गेलं, सभेत शब्द विसरलेल्या वक्त्यासारखं क्षणभर थबकलं आणि शेपटाकडून खाली आलं. थेट शेजारच्या ठमाबाईच्या वाळवणात.

"भाऊ, तुमचा कावला पडला आमच्या कुरडयांत! चैतातच पितरपाक लागला काय गो बाय!"

विनोद मला आवडला नाही.

हरी मात्र पोट धरून हसला. नाकाला ओल्या मातीचा गोळा लावून त्याने तेच विमान सोडलं, ते चिंचेपलीकडे तरंगत गेलं. मी तेच सुचवणार होतो.

मग माझा मुद्दा मांडला. तो म्हणाला, "कागदावर, मॉडेलवर जे कळतं ते आम्ही बघतोच, बाबा. पण शेवटी कोणीतरी आत बसून बघावं लागतं. नाहीतर ते पहिल्यांदा लढाईत कळेल, एखाद्या नव्या पोराला."

याला उत्तर आहे. उद्या सुचेल.

१४ एप्रिल, रविवार.

सुचलं नाही. रविवार होता.

विनोदिनी म्हणाली, "अहो, सांगा ना त्याला. सगळा तालुका तुमचं ऐकतो."

योग्य वेळ येऊ दे, म्हणालो.

"वेळ परवा सकाळच्या गाडीनं जातेय."

१५ एप्रिल.

भाषण तयार. भारदस्त, पण ओलावा असलेलं. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा मीच गहिवरलो. ओसरीवर गेलो. हरी बुटांना पॉलिश करत होता.

"हरी."

"काय बाबा?"

"पॉलिश चांगलं आहे."

खरं तर घर ही भाषणाची जागा नव्हे. उद्या स्टँडवर, गाडी सुटण्याआधी, मोजक्या शब्दांत सांगायचं. पक्कं.

१६ एप्रिल, मंगळवार. सकाळी, स्टँडवरून आल्यावर.

स्टँडवर गर्दी. हरी जातोय हे कोणीतरी पसरवलेलं. हार, पेढे. कोंडाजीसुद्धा महिपतीला घेऊन आलेला. मी हरीचा दंड धरून बाजूला नेलं. "हरी, एक सांगायचंय." एवढंच म्हणालो.

कोणीतरी ओरडलं, "गप बसा रे, भाऊसाहेब बोलतायत!"

सगळे गप्प. कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात काढला. कोणीतरी बाकडं पुढे सरकवलं. एवढे चेहरे वर करून बघत होते. मी बाकड्यावर चढलो. पुढे जे झालं त्यात माझा दोष नाही. आवाज लागला होता.

म्हणालो, "जा! या सावित्रीच्या काठी बाप रडत नसतात! नाक वर धर, हरी, अजून वर धर! तुझ्यामागे सारा मुलूख उभा आहे!"

टाळ्या थांबेनात. कोंडाजीने वाजवल्या नाहीत. महिपतीने त्याच्या वाटच्याही वाजवल्या.

हरी पाया पडला. कानाशी म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही नको म्हणाल." मी तोंड उघडलं, तेवढ्यात घंटी वाजली.

विनोदिनी माझ्यासाठी थांबली नाही, एकटीच घरी आली. अजून आतच आहे. चूल पेटलेली नाही. रस्त्यात चारचौघांनी सांगितलं, भाऊसाहेब, असं भाषण तुमचंही कधी झालं नव्हतं. खरं आहे.

तयार केलेलं भाषण खिशातच राहिलं. आता उघडून पाहिलं. फार लांब होतं. लागणार होतं एवढंच:

हरी, गाडी पोलादपूरला चहाला थांबते. तिथे उतर.