निसर्ग विभाग, पहिलं बक्षीस

साउथहॅम्प्टन
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अर्चना,

इकडे सगळं ठीक. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. ईलिंगला तनिषाकडे गेलीस ते बरंच झालं, लेकीला मदत होते. फक्त किती दिवसांसाठी गेलीस ते सांगायचं राहिलं.

ओकच्या झाडाचा फोटो आता कॅमेरा क्लबतर्फे मोठ्या स्पर्धेला जाणार. परीक्षकांचं वाक्य अजून कानात आहे : "माणसाचा मागमूस नाही. केवढा एकांत!" चषक टीव्हीशेजारी ठेवलाय.

काल पुन्हा न्यू फॉरेस्टला गेलो. बीच जातीचं उंच झाड, मागे धुकं. रंग काढून फोटो कृष्णधवल केला की झाडाचं खरं काय ते कळतं. पण उंचीचा अंदाज यायला खाली कुणीतरी लागतं. शेजारच्या डॉक्टर राजीवला उभं केलं. हॉस्पिटलातून फोन आला तसा तो बोलत बोलत फ्रेमबाहेर गेला. तू उभी असलीस की झाड कसं मोठं दिसतं.

हळद सापडली. डाळीला अजून चव नाही.

तुझा
सतीश


ईलिंग
१४ नोव्हेंबर

अहो,

पत्र मिळालं. फोनवर तुम्ही मध्येच उजेडाबद्दल बोलायला लागता, म्हणून मीही लिहिते.

डाळीत मीठ घाला.

ओकच्या त्या फोटोत मी आहे.

खोडाच्या डावीकडे, मोडक्या फांदीखाली. लाल कोट, हूड डोक्यावर. "चेहरा नको, झाडाकडे तोंड कर," तुम्हीच म्हणालात. नाकासमोर खोडावर चढलेल्या आयव्हीच्या वेलीची पानं होती. एका पानावर गोगलगाय. ती टोकापर्यंत गेली, विचार केला, परत फिरली. तुम्ही वाट बघत होतात तो ढग काही सरकला नाही. रंग काढल्यावर तो लाल आणि तो हिरवा सारखेच करडे होतात, हे मला शिकवलंत कुणी? मी वेलीत गेले. तुम्हाला वाटलं, हा माझ्याशिवायचा फोटो.

प्रदर्शनात मी समोसे फिरवत होते. तुमच्या क्लबातल्या शिल्पाने विचारलं, "अर्चनाताई येतात का हो तुमच्याबरोबर?" तुम्ही म्हणालात, "छे, तिला जंगलाचा कंटाळा. ती गाडीत बसते." मी तुमच्या कोपराशी उभी होते. तुम्ही माझ्याच ताटातला समोसा उचललात.

तनिषा म्हणते, "आई, बाबांनी तुला बघितलंच नाही? दॅट्स सो फनी!" असेल. मी अजून हसायला शिकतेय.

अर्चना


साउथहॅम्प्टन
२१ नोव्हेंबर

अर्चना,

मूळ रंगीत फाईल उघडली. आहेस.

निसर्ग विभागात माणूस चालत नाही. नियमच आहे. म्हणजे सांगितलं तर चषक जाणार. न सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. मी यावर एक अख्खा दिवस विचार केला. दिवस लागला, हे तुला कळलेलं बरं.

काल क्लबात गेलो. सेक्रेटरी हेलनला म्हणालो, "यात माझी बायको आहे."

"कुठे?"

बोट ठेवलं.

"ती आयव्ही आहे, सतीश."

"आयव्ही नाही. अर्चना आहे."

भिंग आलं. खजिनदार म्हणाला, खोडाची गाठ. आणखी एकाने शेवाळ ठरवलं. परीक्षकांना फोन लावला, तर ते म्हणाले, नम्रता चांगली, पण तिलाही मर्यादा असावी. जिंकायला मला काहीच करावं लागलं नव्हतं. बाद व्हायला तासभर भांडलो. शेवटी लॅपटॉपवर रंगीत फोटो लावला. सगळे लाल कोटाकडे वाकले.

हेलन म्हणाली, "बिचारी. किती पाऊस होता!"

मला पाऊस आठवतच नव्हता. फोटोत स्पष्ट दिसतोय. मी छत्री कॅमेऱ्यावर धरली असणार.

चषक दुसऱ्या क्रमांकाच्या बदकांना गेला. चांगली आहेत बदकं.

पुढच्या शनिवारी ईलिंगला येतो. न्यायला नाही, भेटायला. दार तनिषाने उघडलं, तर चहा घेऊन परत जाईन. तू उघडलंस, तर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

अजून तुझा असेन तर, तुझाच,
सतीश