बुडबुडे थांबले की

पोरी, सुखात राहा.

तुझी लेक इथे माझ्याकडे ठीक आहे. पोटभर जेवते, उलटून बोलत नाही. हिच्या वयात तू मला किती छळलंस! पाठ कशी आहे तुझी?

काल आपल्या लॉन्ड्रीत तिला ब्लँकेट भिजवायला दिलं. दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरत म्हणाली, "आजी, बुडबुडे थांबले की सोडायचं ना?" मी तर हे शिकवलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात शाळेच्या पोहण्याच्या तलावात हिनंच वर्गातल्या त्या पोरीचं डोकं पाण्याखाली दाबलं म्हणतात. ती पोरगी कशी आहे, हे हिनं एकदाही विचारलेलं नाही.

सोमवारी शाळेत चौकशीला बोलावलंय, तिथे "माझी लेक असं करणारच नाही," असं छातीठोक सांगू नकोस. रविवारी हिला घेऊन येते. आधी तूच तिला विचार. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचीही जीभ रेटत नाही.

तुझी आई