ओल्या फडक्याखाली भूपेश

चंद्रपूर,
२८ जानेवारी १९९९

ती. बाबा आणि आईला सप्रेम जयभीम.

वि. वि. मी मजेत आहे. हॉस्टेलचं वरण अजून पातळच आहे. आईची जवसाची चटणी पोरींनी दोन दिवसांत फस्त केली, डब्याला चाटायलाही काही ठेवलं नाही. रेक्टरबाई म्हणतात, पुढच्या वेळी आईलाच घेऊन ये.

बाबा, शिल्पकलेची परीक्षा म्हणजे पेपर लिहायचा नसतो. मातीत माणसाचं डोकं घडवायचं, खऱ्याएवढं. सरांनी सांगितलं, घरातलं माणूस करा, पण समोर बसवून नाही, आठवून. मी भूपेशदादाला केलं. तुम्हाला त्याचं नाव चालत नाही हे माहीत आहे, पण हात दुसरीकडे वळेचनात. मोहाच्या झाडावरून पडून त्याची डावी भुवई तुटली होती ना, तीसुद्धा आली. सर म्हणाले, हा तर आता बोलेल! पंधरा तारखेला प्रदर्शन आहे आणि त्या दिवशीच्या पेपरात पहिला फोटो माझ्या कामाचा येणार. मला इतका आनंद झालाय की जेवण जात नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
डिंपल


एटापल्ली,
१ फेब्रुवारी १९९९

चि. डिंपल, जयभीम.

आशीर्वाद शेवटी देतो, आधी राग घे. हे पत्र पोस्टात टाकलं नाई. एसटीवरचा कंडक्टर पत्रूभाऊ तुले माहीत हाये, त्याच्या हाती पाठवून राह्यलो. तूबी उत्तर त्याच्याच हाती देजो.

तुले काई अक्कल हाये का नाई? चंद्रपूरले गेली आन् इथची हवा विसरली? तुझा भाऊ जंगलवाल्यांसंग गेला त्याले चार वर्सं झाली. दर महिन्याले पोलीस आश्रमशाळेत येतेत, सगळ्या मास्तरांसमोर मले विचारतेत, काय रे खुशाल, पोराचा फोटो दाखव. मी सांगतो, नाई. खरंच नाई. शाळेतला एक होता, तो मीच चुलीत घातला. लोक म्हणतेत बापानं रागानं जाळला. म्हणू दे. पोलिसांच्या कागदावर एवढंच लिहून हाये की डावी भुवई तुटलेली. तशा भुवईचे पोट्टे गावोगाव सापडतीन. चेहरा कोनापाशी नाई, म्हून तो जिता हाये. आन् तू तो चेहरा घडवून पेपरात द्याले निघाली!

मोडून टाक ते. आजच्या आज. माह्यासाठी तो गेला त्याच दिवशी मेला, पण त्याले खरंच माराचं काम आपल्या घरातून नको.

आशीर्वाद हायेच. मोडल्याची खबर आली का मनापासून देतो.

खुशाल


चंद्रपूर,
४ फेब्रुवारी १९९९

ती. बाबांना जयभीम. आईला नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मी मूर्ख आहे, बाबा. मला तो नुसता माझा दादा म्हणून आठवला, बाकी काही डोक्यात आलंच नाही.

काल माती कापायची तार घेऊन वर्गात गेले. माती वाळू नये म्हणून टाकलेलं ओलं फडकं काढलं, तर तो माझ्याकडेच बघत होता. तार खाली ठेवली आणि बाहेर येऊन रडले. नाही झालं माझ्याच्यानं. सरांना म्हटलं, मला दुसरं करू द्या. ते म्हणाले, वेड लागलं का? परीक्षेच्या यादीत हेच चढलंय, पंधराच्या आत दुसरं झालं नाही तर शून्य आणि वर्ष गेलं. कारण विचारत होते. काय सांगू?

आणि बाबा, आज कळलं की उद्घाटनाला पोलीस खात्यातले मोठे साहेब येणार आहेत.

मी ओलं फडकं घट्ट गुंडाळून ठेवलंय. कोणी जवळ आलं की मी मध्ये जाऊन उभी राहते. काय करू ते लवकर कळवा. माया राहू द्या.

डिंपल


एटापल्ली,
६ फेब्रुवारी १९९९

चि. डिंपल, जयभीम.

तुझी आई चुलीपाशी बसून सांगून राह्यली आन् मी माह्या मनाविरुद्ध लिहून राह्यलो. ती म्हणते, बाई, मोडू नको. मी येतो. चार वर्सं झाली, मातीचा तर मातीचा, एकदा पाहू दे, मंग माह्याच हातानं मोडीन. जवसाची चटणी आनतो. तू बारीक झाली असशीन, तुले जेवाची शुद्ध नसते.

तिचं झालं. आता माहं ऐक. मी लय समजावलं, मातीत काय पाहाचं हाये. ऐकाले तयार नाई. मंगळवारी तिले पत्रूभाऊच्या गाडीत बसवून देतो. तवापर्यंत कोनाले फडक्याले हात लावू देऊ नको. तिनं पाहिलं का तिच्यासमोरच मोड. वर्ष गेलं तर जाऊ दे, पुन्हा शिकवीन तुले.

आशीर्वाद अर्धा आज देतो.

खुशाल


चंद्रपूर,
११ फेब्रुवारी १९९९

ती. बाबांना जयभीम.

हे पत्र आईच्या आधी तुमच्या हातात पडावं म्हणून पत्रूभाऊंना घाई केली. ती शनिवारी निघेल. रेक्टरबाईंनी तिला माझ्या खोलीत राहू दिलंय.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा होता, तेव्हा तिला आत नेलं. फडकं काढलं. वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. बराच वेळ पाहत राहिली, मग पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, असा कुठी हाये तो आता? उजव्या गालात आंगठा दाबला. मग डाव्या. कानाखाली नखानं एक व्रण ओढला. म्हणाली, आता असा दिसते.

बाबा, मी विचारलं तर म्हणाली, दोनदा भेटला, मोहफुलं वेचायला गेली तेव्हा. तुम्हाला सांगू नको म्हणाली, तुम्ही त्याचं नाव निघालं की ताटावरून उठता. पण मला एकटीला हे पेलत नाही. पाया पडते, तिच्यावर ओरडू नका.

मोडायला तिनंच तार घेतली, पण हात चालला नाही. मग मी कापलं. भुवई शेवटी कापली. आईनं सगळी माती पदरात गोळा केली, खाली काही पडू दिलं नाही.

त्याच मातीत, त्याच सांगाड्यावर, आता आईला करतेय. ती समोर बसली आहे आणि नाक मोठं करू नको म्हणून सारखी बजावते आहे. सर चिडले. म्हणाले, समोर बसवलं म्हणून मार्क कापीन. कापू देत.

माझ्यावर रागवा, तिच्यावर लोभ ठेवा.

डिंपल


एटापल्ली,
१२ फेब्रुवारी १९९९

चि. डिंपलले अनेक आशीर्वाद. पूर्ण. जयभीम.

तुझं पत्र शाळेच्या फाटकापाशी स्टुलावर बसून वाचलं. घंटा द्याची राहून गेली, हेडमास्तर बोलले. बोलू दे.

तुझ्या आईले मी काई म्हणणार नाई. मोहाच्या दिवसांत ती दोन माणसांचं जेवण बांधून न्यायची, मले दिसत होतं. समजलो नाई असं नाई, समजून घ्याचं नव्हतं. मी विचारलं असतं तर तिले सांगा लागलं असतं, आन् मंग मले माहीत असतं. पोलीस विचारतेत तवा मी डोळ्यात पाहून नाई म्हणतो, ते कसं म्हटलं असतं? फोटो रागानं जाळला नव्हता, बाई. जाळाच्या आधी रात्रभर उशाखाली होता.

तू चांगलं केलं. आईचं नाक मोठंच हाये, खोटं करू नको. तब्येतीले जप. हे पत्र वाचून जाळजो.

तुझा बाबा,
खुशाल

ता. क. एक लिहून पाठवजो. तिले विचाराले माही जीभ उचलत नाई. तिनं गालात आंगठा दाबला तवा तो किती आत गेला? नखाएवढा, का अर्धा पेर? मंगळवारी पत्रूभाऊची गाडी येते. मी स्टँडवर थांबतो.