लाल शाईतला सातवा प्रश्न

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या चौथीच्या वर्गाने भरलेल्या अडतीस प्रश्नावल्या पोचल्या. नको त्या स्पर्शापासून स्वतःला कसं जपायचं, हे शिकवण्याआधी मुलांना किती ठाऊक असतं, एवढंच मला मोजायचं होतं. तू तर त्या चक्क तपासल्यास! लाल शाईने, शेऱ्यांसकट. वर चुकलेल्यांना पाच-पाच वेळा उत्तर लिहायला लावलंस. कागद दिसला की तुझा हात शिवशिवतो हे जन्मापासून माहीत असून मी ‘तपासू नये’ अशी सूचना लिहिली नाही. चूक माझीच. हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

पण सातव्या प्रश्नाशी हसू थांबलं. मोठ्या माणसाने ‘हे आपलं गुपित’ म्हणून शब्द घेतला, तर कुणाला सांगावं का? अकरा जणांनी ‘सांगावं’ लिहिलं आणि तू त्यांना चूक दिलीस! आता ती ‘दिलेला शब्द पाळावा’ गिरवून बसली आहेत. ताई, उद्याच्या उद्या हे निस्तर. माझं मोजमाप गेलं खड्ड्यात.

रागावलीस तरी लोभात काटछाट नको.
तुझी धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि पंचवीस वर्षांची मास्तरकी खुंटीला टांगली. कान धरून वर्गाला सांगितलं, की बाई चुकल्या. असलं गुपित, शब्द दिला असला तरी सांगायचंच. मग एक चोंबडी उठून म्हणाली, की चुकलं तर पाच वेळा लिहायचं असतं. लिहिलं बाई फळ्यावर! तिसरी ओळ वाकडी गेली, तर ती पुन्हा लिहायला लावली.

मधल्या सुट्टीत गुपितं सांगायला टेबलाशी ही रांग! डस्टर कुणी लपवला, कुणाचे बाबा टोप घालतात, कुणाची आजी चोरून साखर खाते. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी आली. तुझ्या कागदावरची ‘कुणाला सांगाल?’ या प्रश्नाची जागा हिनेच कोरी सोडली होती. ती म्हणाली, सांगण्यासारखं काही नाहीये. पण झालंच तर कुणाला सांगायचं ते आता ठरलंय. त्या कोऱ्या जागेत ‘बाई’ असं तू लिहावंस, असा तिचा निरोप आहे.

आशीर्वाद आहेतच, हसणं आवर.
तुझी ताई

१३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा वर्ग मोजणीतून वगळावा लागला. आणि मुलांची उत्तरं मी भरत नाही. म्हणून तिचा कागद सोबत परत पाठवते आहे. तिच्याच हाताने लिहू दे.

तेवढा वेळ लाल पेन कपाटात ठेव. नाहीतर अक्षरासाठी अर्धा गुण कापशील.

तुझीच,
धाकटी