तांबूला डाग नको

चि. ज्योतीराम,

कारखान्यातली पाळी संपवून येशील तेव्हा गोठ्यात आपली तांबू कालवड दिसणार नाही. घाबरू नकोस. तिचा खांदा कालपेक्षा जास्त सुजलाय, म्हणून वजीरभाईंच्या गाडीत घालून मी तिला चिंचवडला गुरांच्या दवाखान्यात नेते आहे.

तू बोलावलेला चिमाजी डाग द्यायला येईल. त्याला गूळ-पाणी दे, गोड बोल, पण विळा तापवू देऊ नकोस. परवा बाजारात त्या दवाखान्यातले डॉक्टर सगळ्यांना सांगत होते, "डागानं सूज उतरत नाही, वर जखम मात्र होते. जनावर माझ्याकडं आणा." तू हसलास. "आई, आपल्यात पहिल्यापासून डागच देतात."

देतात, खरं आहे. तू तान्हा असताना पोट फुगलं म्हणून तुझ्या आजोबांनी तुलाही दिला. मी नको नको म्हणत होते, तर सासूबाईंनी मला आत कोंडलं. पोटावरचा तो वण तुला जन्मखूण वाटतो. तुझं ते रडणं मला अजून ऐकू येतं.

भाकरी-पिठलं टोपलीखाली झाकलंय. जेवून झोप, माझी वाट बघू नकोस.

चूल विझवून ठेवली आहे. चिमाजी जाईपर्यंत पेटवू नकोस.

तुझी आई