अँबेसेडरचं एस्टिमेट

२ मे, आर्वी

आलो एकदाचा. एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि डेपोसमोर उतरल्याबरोबर उसाचा रस मिळाला, म्हणजे सुरुवात झकासच म्हणायची. हिरालालशेठ स्वतः स्कूटर घेऊन आले होते. साठीतला माणूस, कापूस-सोयाबीनचा व्यापार, मागच्या वर्षी बायपास झालेली. तरी माझी हत्यारांची पेटी स्वतःच पायात धरून बसले, मला धरू दिली नाही.

नागपूरचं माझं गॅरेज दिवाळीत बंद झालं. बावीस वर्षं गाड्यांखाली झोपलो आणि शेवटी भाडंही निघेना. त्यामुळे महिनाभराचं काम, राहायला खोली आणि दोन वेळचा डबा हे सगळं एकत्र ऐकल्यावर मी हो म्हणायला वेळ लावला नाही.

गाडी गोदामामागच्या शेडमध्ये आहे. १९७२ ची अँबेसेडर, पांढरी. इंजिन जाम झालंय, पण बॉडीला गंज नाही. मीटरवर ८१,४०६ किलोमीटर. जॉबशीटवर सगळं लिहून घेतलं. देखणी गाडी आहे. पुष्कळ दिवसांनी मनासारखं काम मिळालं.

४ मे

दिवसभर हिशेब. जुनं इंजिन बांधण्यात अर्थ नाही, पार्ट मिळत नाहीत. त्यापेक्षा शेवटच्या काळातल्या अँबेसेडरचं अठराशे सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट बसवायचं. ते बासष्ट हजार. त्याच्यासाठी माउंटिंग नवीन बनवावं लागेल, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करावा लागेल, रेडिएटर मोठा लागेल. लोक इथेच फसतात. इंजिनाची किंमत धरतात आणि बाकीचं विसरतात. इंजिन जोरकस झालं की जुने ब्रेक पुरत नाहीत, तेही धरले. वायरिंग, क्लच, सायलेन्सर, आरटीओत इंजिनबदलाची नोंद, माझी मजुरी. एक लाख सत्त्याऐंशी हजार. वर पंधरा टक्के अडीअडचणीला. दोन लाख पंधरा.

मला वाटलं शेठजी घासाघीस करतील. त्यांनी कागद पाहिलाच नाही. एवढंच म्हणाले, "रस्त्यात बंद नाई पडली पाहिजे, मिस्त्री. बाकी तुमी लिहान तो आकडा."

व्यापाऱ्याच्या तोंडून असं मी आजवर ऐकलं नव्हतं.

७ मे

गोदामातले दोन हमाल मदतीला घेऊन चेन-पुलीवर इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढले. आत कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग पार वितळलेलं. तेल नसताना कोणीतरी गाडी रेटली असणार. बॉनेटखाली आता नुसता खड्डा. पाठ भरून आली.

डबा कुंताबाई आणतात. पासष्टीच्या असतील. त्यांचे मालक पुंडलिकराव शेठजींकडे ड्रायव्हर होते, हीच गाडी चालवायचे, सात वर्षांपूर्वी वारले. बाई डबा शेडच्या उंबरठ्यावर ठेवतात, आत येत नाहीत. मी या म्हटलं, तर म्हणाल्या, "नाई भाऊ, येथूनच बरं."

११ मे

पारा पंचेचाळीस. मीटर ८१,४३२ दाखवतंय. मी २ तारखेला चुकीचं लिहिलं असेल. थकल्यावर आकडे चुकतात.

१२ मे

८१,४५८.

२ तारखेला मी चुकलो नव्हतो. मीटरची केबल गिअरबॉक्समधून फिरते. गिअरबॉक्स भिंतीशी पडलाय आणि केबलचं टोक खाली लोंबतंय. कालच्यात आणि आजच्यात सव्वीस. त्याच्या आधीही सव्वीसच.

शेडला एकच कुलूप आणि किल्ली माझ्याकडे. हमाल जॅक लावून चाक फिरवत असतील म्हटलं, तर त्यानं मीटर फिरत नाही. हे मला माहीत आहे. डोक्याला उष्णता लागली असेल. दोन वेळा अंघोळ केली.

१४ मे

काल नागपूरला जाऊन इंजिन आणलं, सोबत बाकी सामान. इंजिन चांगलं आहे, कॉम्प्रेशन मोजून घेतलं. फ्युएल पंप नवा बेचाळीसशेला होता. त्याच दुकानात एक उघडून दुरुस्त केलेला सातशेला मिळाला. तो घेतला आणि बिल नव्याचं केलं, साडेतीन हजार वाचले. या धंद्यात सगळेच करतात. शेठजी कागद वाचत नाहीत आणि घरी भाडं थकलंय. चालेल तो पंप. बहुतेक चालतात.

मीटर पुन्हा सव्वीसनं पुढे.

१६ मे

दुपारी दोनच्या सुमारास शेडमध्ये खाटेवर पडलो होतो. झोप लागली नव्हती. गाडीतून श्वासाचा आवाज आला. लांब ओढलेला, मग तुटक तुटक, मग थांबलेला. पुन्हा लांब. माझ्या मुलीच्या वेळी बायकोजवळ बसलो होतो, तेव्हा हाच ऐकला होता. कळांचा.

उठून पाहिलं. गाडीत कोणी नाही. मागच्या काचेवर तळव्याचा ओला ठसा. फडक्यानं पुसला. गेला नाही. मग लक्षात आलं की तो आतून आहे. दारं उघडली. आत भट्टीसारखं तापलेलं असायला हवं होतं. मागची सीट गार, आणि मधोमध दबलेली.

१७ मे

कुंताबाईंना विचारलं. त्या उंबरठ्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागल्या. जणू मी विचारायची वाटच पाहत होत्या.

शेठजींची पहिली बायको कांता. बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, भर दुपार, दिवस भरलेले. मूल आडवं होतं, म्हणून सेवाग्रामला न्यायचं ठरलं. इथून साठ किलोमीटर. शेठजी वसुलीला नागपूरला गेले होते. पुंडलिकराव चालवत होते आणि मागे कुंताबाई, कांताचं डोकं मांडीवर घेऊन. खरांगण्याच्या अलीकडे इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. दीड तास रस्त्यावर एक गाडी आली नाही. बाई गेली, मूलही गेलं.

पुंडलिकराव सहा महिन्यांपासून शेठजींना सांगत होते, इंजिन तेल पिऊन राह्यलं, उघडून घ्या, पाच हजारांत होते. शेठजी म्हणायचे हंगाम जाऊ दे.

मी विचारलं, किती किलोमीटरवर बंद पडली होती. बाई म्हणाल्या, ते मालक मरेपर्यंत सांगायचे. सव्वीस.

डबा तसाच राहिला. आता पंपाचंही मनात येतंय. नवा आणायला पुन्हा नागपूर, एक दिवस जाईल, आणि दुकानदार जुना परत घेणार नाही. पाहू.

१९ मे

शेठजींशी बोललो. काम सोडतो म्हटलं. त्यांनी नाकारलं काहीच नाही. गाडीला हात लावला की ती निघते, म्हणाले. याआधी दोनदा काम काढलं आणि दोन्ही वेळा भिऊन बंद केलं.

"तिथवर जाते अन् थांबते, मिस्त्री. काऊन थांबते ते मले मालूम आहे. आता डॉक्टरनं मलेच किती दिवस देल्ले? तिले एकदा पोहोचवून द्या. मंग काय लागते ते घ्या."

रडत होते. साठीचा माणूस माझ्यासमोर असा रडला. थांबतो म्हटलं. खरं तर भीतीपेक्षा दमलोय जास्त. घरी जाऊन तरी काय करणार होतो.

२२ मे

इंजिन बसलं. पहिल्या सेल्फला सुरू. आवाज गोड. मागच्या सीटवरचा श्वास इंजिन सुरू झाल्याबरोबर थांबला. ऐकत होतं कोणीतरी.

पंप बदलायला हवा. ट्रायल झाली की बदलतो.

२४ मे

शेठजींचा हट्ट, आजच आणि दुपारीच. सेवाग्रामपर्यंत. सोबत येणार होते. ऐन वेळी नाही म्हणाले, पाय उचलेना त्यांचा.

मागचं दार त्यांनी उघडलं. हात पुढे धरला, कोणाला आधार देतात तसा. गाडी मागून थोडी खाली बसली. दार हळूच लावलं. "खड्डे सांभाळजा, मिस्त्री."

कुंताबाई लांब उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले. मला की मागच्या सीटला, कळलं नाही.

वही मांडीवर आहे. ट्रायलला दर टप्प्यावर आकडे लिहायची सवय, तेवढंच करायचं. मागे पाहायचं नाही.

१:५० — दहा कि.मी. टेम्परेचर ठीक. ऑइल प्रेशर ठीक. आरसा फिरवून ठेवलाय.

२:०२ — अठरा. श्वास जोरात. मानेवर लागतो. गार.

२:१५ — सव्वीस ओलांडलं. अठ्ठावीस! थांबली नाही. मागून हुंदका आला, की हसणं. मी मोठ्यानं म्हटलं, नेतो ताई, पोहोचवतो. माझ्याच डोळ्यांत पाणी. जातोय —

२:१९ — एकतीस. दोन झटके दिले आणि बंद.

इंजिन नाही. इंजिन चांगलं आहे. पेट्रोल वर चढत नाहीये — पंप. उघडून पाहायची गरज नाही, मला माहीत —

फोनला रेंज नाही. रस्त्यावर कोणी नाही. दार उघडत नाही. चारही —

२:४० — कळा वाढल्या. सीट माझ्या पाठीशी ढकलली जाते. मी बोलत राहिलो, गाडी येईल, आत्ता येईल —

२:५५ — कोणी आलं नाही.

३:१० — श्वास थांबला.

पूर्ण शांत. मग बोलली. आवाज साधा. बाजारातून आलेल्या माणसाला घरातली बाई विचारते, तसा. कानाजवळ.

किती वाचले?

मी दाराचं हँडल ओढलं. तिनं पुन्हा विचारलं. हात खांद्यावर आला आहे, ओला. खोटं बोलायचं होतं, जमेना — मी म्हटलं, तीन हजार पाच—